ॲक्युपंक्चरचे गैरसमज: आईच्या गुडघ्यांच्या निमित्ताने

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. आईंचं वय ६४, दोन्ही गुडघे तीन वर्षांपासून दुखतात, एक्स-रेत झीज दिसते, पण ऑपरेशनची घाई नाही असं डॉक्टर म्हणतात. मधुमेह आहे, त्याच्या गोळ्या चालू आहेत. ओळखीतल्या कुणीतरी ॲक्युपंक्चर सुचवलं आणि वर ऐकवलं की याला साइड इफेक्ट नसतात, शुगरसुद्धा जाते, गोळ्या सुटतात, फक्त विश्वास हवा. तुमचा भाऊ दुसऱ्या टोकाला: हे थोतांड आहे, सुई कुठेही टोचा, फरक मनाचा. आणि ज्यांचे गुडघे दुखतात त्या आईंना सुईचीच भीती. मग जावं की नाही, असं तुम्ही विचारताय.

आधी एक कबुली. बावीस वर्षं मी हेच काम करतो, त्याआधी काही वर्षं फिजिओथेरपी केली. माझं पोट सुयांवर आहे, तेव्हा मी जे चांगलं बोलेन त्यातलं थोडं वजा करूनच वाचा. शिवाय आईंना मी तपासलेलं नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, तळपायांना स्पर्श नीट कळतो का, मांडीचे व्यायाम कधी नेमाने झालेत का, यावर माझं उत्तर बदलेल. पण खरं सांगायचं तर ‘जावं की नाही’ हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. कशासाठी जायचं, किती वेळा जायचं आणि उपयोग होत नाहीये हे कशावरून ओळखायचं, एवढं आधी ठरलं असेल तर जाण्यात फारसं काही बिघडत नाही. हे न ठरवता आलेली माणसं वर्ष-वर्षभर सुया टोचून घेत राहतात, आणि त्यांना थांबा म्हणायला कुणालाच सुचत नाही. सुचवणाऱ्याचा त्यात तोटाच असतो.

भीतीपासून सुरुवात करतो, कारण ते सोपं आहे. घाबरलेल्या पेशंटसमोर मी पाकीट फोडून एक नवी सुई त्यांच्या हातात देतो आणि सांगतो, बोटाने वाकवून बघा. ती लवते. माझ्या रोजच्या वापरातली सुई ०.२५ मिलिमीटर जाडीची असते. रक्त काढायची नेहमीची सुई साधारण ०.८ मिलिमीटर, आतून पोकळ आणि टोकाला तिरकी कापलेली, त्यामुळे ती कातडी कापत आत शिरते. आमची सुई भरीव, टोकाला निमुळती. ती वाटेतलं बाजूला सारत जाते. बहुतेक वेळा रक्ताचा टिपूसही येत नाही. सुईत औषध असतं का, असंही तुम्ही विचारलंय. नसतं. भरीव सुईत भरणार कुठे? टोचताना सुईभोवती प्लास्टिकची बारीक नळी कातडीवर टेकवतात, नळीच्या वर सुईचं डोकं जेमतेम दिसतं, त्यावर बोटाची एक टिचकी, की सुई कातडीपार. पुष्कळांना नळीचा दाबच जास्त जाणवतो आणि ‘झालं?’ असं विचारतात. (वाकवून पाहिलेली सुई लगेच टाकून द्यायची, ती वापरायची नाही, हे सांगायला नको.)

खरी जाणीव त्यानंतरची. सुई हलकेच फिरवली किंवा थोडी खोल नेली की आत काहीतरी भरून आल्यासारखं, जड झाल्यासारखं, मंद ठणकल्यासारखं वाटतं. चिनी परंपरेत याला ‘दे-ची’ म्हणतात. यातूनच एक गैरसमज निघालाय की जितकं दुखेल तितका गुण जास्त. काही जण दात आवळून पडून राहतात, बोलत नाहीत, कारण सहन केलं तर फायदा होईल असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं. तसं काही नाही. जडपणा चालतो, चटका बसल्यासारखी कळ किंवा पायाच्या बोटांपर्यंत वीज गेल्यासारखं झालं तर सुई नसेजवळ पोचली असं समजायचं आणि तिथल्या तिथे सांगायचं. मी सुई मागे घेतो, विषय संपतो. तसंच ‘पहिल्यांदा दुखणं वाढतं, म्हणजे रोग बाहेर पडतोय’ हेही ऐकाल. एखादा दिवस अंग आंबल्यासारखं वाटू शकतं. तीन दिवस गुडघा सुजून बसला तर रोग बाहेर पडत नाहीये, कुठेतरी चुकलंय.

करंटचं म्हणाल तर तो वेगळा प्रकार आहे. दोन सुयांना चिमटे लावून बॅटरीवरच्या यंत्रातून अगदी सौम्य विद्युतप्रवाह सोडतात, स्नायू टिकटिक उडतो. सगळ्यांना तो लावत नाहीत आणि पेसमेकर असलेल्याला लावायचाच नाही. ॲक्युप्रेशर आणखी वेगळं, त्यात सुईच नसते. नावं सारखी असल्यामुळे लोक एकाचा अनुभव दुसऱ्याच्या नावावर खपवतात.

आता ‘साइड इफेक्ट नाहीत’. हे वाक्य मी माझ्याच व्यवसायातल्या माणसांच्या तोंडून इतकं ऐकलंय की चीड येते. जर्मनीत २,२९,२३० पेशंटांची पाहणी झाली होती, ती २००९ साली प्रसिद्ध झाली. त्यातल्या ८.६ टक्के लोकांना काही ना काही त्रास झाला होता. बहुतेकांना किरकोळ: टोचल्या जागी रक्त येणं, निळं पडणं, दुखणं. पण दोघांच्या फुप्फुसाभोवती हवा शिरली होती. इतक्या मोठ्या संख्येत दोन म्हणजे फार कमी, हे खरं. ते शून्य मात्र नाही. खांद्याच्या वरच्या भागात, बरगड्यांवर, पाठीच्या वरच्या पट्ट्यात सुई किती खोल आणि कोणत्या कोनात न्यायची हे न शिकलेल्या हाताकडून हे घडतं, कारण तिथे कातडीपासून फुप्फुस फार लांब नसतं. खांदा टोचून घेतल्यावर काही तासांत दम लागला किंवा श्वास घेताना छातीत कळ आली, तर सुईवाल्याला फोन करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. आईंच्या बाबतीत जागा गुडघ्याची आहे, तो धोका नाही.

माझ्या हातून घडलेलंही सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत एका बाईंच्या कपाळाच्या वर, केसांच्या रेषेत लावलेली सुई काढायची राहून गेली. त्या उठल्या, बरं वाटतंय म्हणाल्या, घरी गेल्या. संध्याकाळी कंगवा अडकला तेव्हा कळलं. इजा काही झाली नाही, पण मला आजही ते आठवलं की कानशिलं तापतात. तेव्हापासून कागदावर दोन आकडे असतात, लावल्या किती आणि काढल्या किती, आणि ते जुळल्याशिवाय पेशंटला मी उठू देत नाही. तुम्ही सोबत गेलात तर तुम्हीही मोजा. त्यात अपमान वाटून घेणारा माणूस असेल तर ती माहितीसुद्धा उपयोगीच. दुसरी नेहमीची गोष्ट म्हणजे भोवळ. घाबरलेला, उपाशी, खुर्चीवर बसवून टोचलेला पेशंट पांढराफटक पडतो, घाम फुटतो. पहिल्या वेळी आडवं झोपवूनच सुया लावल्या तर हे जवळजवळ टळतं.

मधुमेहामुळे आईंच्या बाबतीत तीन गोष्टी वाढतात. जंतुसंसर्ग लवकर होऊ शकतो, म्हणून कातडी स्वच्छ, जवळपास जखम किंवा पुरळ नाही, आणि सुई एकदा वापरून फेकायची, निर्जंतुक, पाकीट तुमच्यासमोर फोडलेलं. पूर्वी सुया उकळून पुन्हा वापरायचे आणि त्यातून काविळीच्या साथी झालेल्या नोंदवलेल्या आहेत. आज त्याला काही सबब नाही. दुसरं, गोळी घेऊन न खाता जायचं नाही. टेबलावर शुगर उतरली तर घाम आणि चक्कर ही लक्षणं सुईच्या भोवळीसारखीच दिसतात आणि टोचणारा फसतो. तिसरी गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही: सुईपेक्षा शेक धोक्याचा. अनेक ठिकाणी सुया लावून वर लाल दिवा सोडतात किंवा औषधी वनस्पतीची धुमसती कांडी जवळ धरतात. मधुमेहाने पायाची संवेदना कमी झालेली असेल तर भाजतंय हे पेशंटला कळतच नाही, आणि ती भाजलेली जखम महिनोन्‌महिने भरत नाही. आईंच्या पायाला आधी कापूस लावून बघा. कळत नसेल तर शेक नको म्हणून ठणकावून सांगा.

पण या सगळ्याहून मोठा साइड इफेक्ट तुमच्या ओळखीच्या त्या एका वाक्यात आहे: शुगर जाते, गोळ्या सुटतात. मधुमेहाच्या गोळ्या सुया टोचल्यामुळे बंद कराव्यात, असं सांगायला माझ्याकडे कसलाही आधार नाही. बावीस वर्षांत मी तसं एकदाही केलेलं नाही. सुईने झालेलं नुकसान मी बोटांवर मोजू शकतो. सुया चालू आहेत म्हणून दुसरं काहीतरी थांबवल्याने झालेलं नुकसान मात्र मी मोजणं सोडून दिलंय. ते कुठल्याच पाहणीत येत नाही, कारण तो माणूस तोवर आमच्याकडे यायचा थांबलेला असतो.

याच जातीची एक चूक माझीही आहे, आणि ती नेमकी गुडघ्याचीच. एक गृहस्थ उजवा गुडघा घेऊन आले. चिठ्ठी गुडघ्याची, बोट गुडघ्यावर, मी चार वेळा गुडघ्याभोवती सुया लावल्या. काडीचा फरक नाही. पाचव्या वेळी ते झोपलेले असताना मी सहज त्यांचा पाय गुडघ्यात आणि कमरेत वाकवून मांडी आतल्या बाजूला वळवली, तर ते कळवळले. दुखलं कुठे? गुडघ्यात. दोष खुब्याच्या सांध्यात होता. खुब्याची झीज कित्येकदा गुडघ्यात दुखते, हे मी फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षात शिकलो होतो आणि हातात सुई आल्यावर विसरलो. आईंचा एक्स-रे गुडघ्याची झीज दाखवतो ते ठीक, पण चौसष्टीत झीज पुष्कळांच्या एक्स-रेत दिसते आणि दुखणं तिथलंच असेल असं नाही. त्यांचे खुबे कुणी वळवून पाहिलेत का, हे विचारा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

‘विश्वास हवा’ याबद्दल. अपेक्षा असलेल्या पेशंटला आराम जास्त मिळतो, हे जर्मनीतल्या मोठ्या चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात दिसलेलं आहे आणि मला रोज दिसतं. पण अपेक्षा असल्यावर भर पडणं वेगळं आणि विश्वास ही पूर्वअट असणं वेगळं. ‘विश्वास नसेल तर चालणार नाही’ असं कुणी म्हणालं की मी कान टवकारतो, कारण त्यात पळवाट आधीच ठेवलेली असते. गुण आला तर श्रेय सुईचं, नाही आला तर पेशंटच कमी पडला. आईंना शंका असेल तर शंका घेऊनच जाऊ दे. शंकेखोर पेशंट मला आवडतात, ते खरं सांगतात. भक्त पेशंट माझं मन राखायला ‘थोडं बरं आहे’ म्हणतात आणि मी आणखी महिनाभर चुकीच्या वाटेने जातो.

आता तुमच्या भावाकडे येतो. त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. जुनाट कंबरदुखीवर जर्मनीतच झालेली एक चाचणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, १,१६२ पेशंट होते. तीन गट केले: एकाला शास्त्रोक्त जागी सुया, दुसऱ्याला शास्त्रात नसलेल्या जागी वरवर सुया, तिसऱ्याला नेहमीचे उपचार, म्हणजे औषधं, व्यायाम, फिजिओथेरपी. सहा महिन्यांनी फरक पडलेल्यांचं प्रमाण पहिल्या गटात ४७.६ टक्के, दुसऱ्यात ४४.२ आणि तिसऱ्यात २७.४. हे आकडे मी प्रत्येक शिकाऊ मुलाला फळ्यावर लिहून दाखवतो आणि गप्प बसतो. भाऊ पहिले दोन आकडे बघून म्हणेल, बघा, जागेला अर्थ नाही. मी दुसरा आणि तिसरा बघून म्हणेन, पण सुई टोचून घेतलेल्यांना न टोचलेल्यांपेक्षा कितीतरी बरं वाटलं. दोघेही खरं बोलतोय.

पुढे २०१८ मध्ये ३९ चाचण्यांतल्या २०,८२७ पेशंटांची माहिती एकत्र करून पाहिली गेली: पाठ, मान, खांदा, डोकेदुखी आणि गुडघ्याची झीजसुद्धा. तिथेही चित्र तसंच होतं. खऱ्या सुईचा खोट्या सुईवरचा (म्हणजे मुद्दाम भलत्या जागी किंवा नुसती टोचल्यासारखी केलेल्या सुईवरचा) फायदा आहे, पण लहान; सुई न टोचण्यावरचा फायदा बराच मोठा. यातून मी काय घेतो? मला शिकवणारे गुरुजी पेशंटच्याच अंगठ्याची रुंदी धरून जागा मोजायचे आणि सुतभर चुकली तर ओरडायचे. शास्त्राप्रमाणे अशा ३६१ जागा आहेत. मी आजही मोजतो, पण ती सुतभर चूक पूर्वीइतकी मनाला लागत नाही. अर्धा तास आडवं पडणं, कुणीतरी नीट ऐकून घेणं, दुखऱ्या जागी हात लावून बघणं, आणि सुईने नसांना मिळालेली चेतना, या सगळ्याचा मिळून तो परिणाम आहे, आणि त्यातला सुईचा वाटा नेमका किती हे पेशंटागणिक बदलत असावं, असं माझं मत.

‘मनाचा खेळ’ म्हटलं की लोकांना वाटतं शरीरात काहीच होत नाही. तसंही नाही. १९७० च्या दशकात सुईने कमी झालेली वेदना नॅलोक्सोन हे औषध दिल्यावर परत येते असं प्रयोगांत दिसलं. नॅलोक्सोन अफूच्या जातीच्या द्रव्यांना अडवतं, म्हणजे शरीर स्वतःची वेदनाशामक द्रव्यं सोडत असावं. २०१० मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात सुई फिरवल्यावर त्या जागी ॲडेनोसिन हे वेदना कमी करणारं शरीरातलंच द्रव्य वाढलेलं सापडलं. आता गंमत अशी की नुसत्या अपेक्षेनेही शरीर ही अंतर्गत द्रव्यं सोडतं. तेव्हा ‘सुईचं की मनाचं’ ही भांडणाची रेघ वाटते तितकी सरळ नाही. भावाला एवढं सांगा, आणि बाकी त्याचंच बरोबर आहे असं माझ्या वतीने सांगा.

गुडघ्यापुरतं बोलायचं तर जाणत्या संस्थांमध्येही एकमत नाही. अमेरिकेतल्या संधिवात तज्ज्ञांच्या संस्थेने २०१९ मध्ये गुडघ्याच्या झिजेसाठी ॲक्युपंक्चरची सशर्त शिफारस केली: नेमका किती फायदा होतो हे सांगणं कठीण, पण धोका कमी. ब्रिटनमध्ये उपचारांच्या शिफारसी ठरवणाऱ्या नाइस या संस्थेने २०२२ मध्ये झिजेसाठी ॲक्युपंक्चर देऊ नका असं म्हटलं. पुरावा बहुतांशी तोच, तराजू वेगळे. याच नाइसने मायग्रेन आणि ताणामुळे होणारी डोकेदुखी टाळण्यासाठी २०१२ मध्ये दहापर्यंत सिटिंग्ज सुचवली आहेत. म्हणजे ‘ॲक्युपंक्चर चालतं का’ असा प्रश्न विचारून काही हाती लागत नाही. कशावर, हे जोडावंच लागतं.

आणि इथेच ‘शंभर रोगांवर गुणकारी’वाल्या पाट्या येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या नावाने जी लांबलचक यादी फ्रेम करून लावलेली दिसते ती बहुधा त्यांच्या २००३ च्या अहवालातली असते. तो १९९० च्या दशकापर्यंतच्या चाचण्यांवर बेतलेला आहे आणि त्यातल्या अनेक चाचण्या आजच्या कसोटीला उतरत नाहीत. माझ्या अनुभवात आणि पुराव्यातही ज्यावर मी छातीठोक बोलेन अशा गोष्टी थोड्याच: ऑपरेशननंतरची मळमळ (मनगटाच्या घडीपासून तीन बोटं वर, दोन शिरांसारख्या दिसणाऱ्या स्नायुबंधांच्या मधली जागा), जुनी कंबर-मान, वारंवार उठणारं डोकं. गुडघा त्याच्या खालच्या पायरीवर. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात यश वाढतं म्हणून बऱ्याच जणींना पाठवलं जायचं. २०१८ मध्ये ८४८ स्त्रियांवरच्या चाचणीत मूल जन्माला येण्याचं प्रमाण खऱ्या सुईने १८.३ टक्के आणि खोट्या सुईने १७.८ टक्के निघालं. त्यानंतर त्या कारणासाठी येणाऱ्यांना मी हे आकडे आधी सांगतो. वजन आणि सिगारेट यासाठी मी पेशंट घेतच नाही.

थोडं विषयांतर करतो, कारण ‘पाच हजार वर्षांचं शास्त्र आहे, तुम्ही कोण विचारणारे’ हेही आईंना ऐकवलं जाईल. चीनमधल्या मावांगडुई इथल्या थडग्यात, जे इसवी सनापूर्वी १६८ मध्ये बंद झालं, वैद्यकाचे ग्रंथ सापडले. त्यांत शरीरातल्या वाहिन्या आहेत, शेक आहे, पण सुया टोचण्याचा उल्लेख नाही. त्यानंतरच्या शतकांत आकाराला आलेल्या ‘हुआंगदी नेइजिंग’ या चिनी वैद्यकग्रंथात सुया येतात. म्हणजे दोन हजार वर्षं म्हणा, तीही काही कमी नाहीत. आणि ती अखंड सन्मानाची होती असंही नाही: १८२२ मध्ये चीनच्या सम्राटानेच राजवैद्यांच्या संस्थेतून ॲक्युपंक्चर काढून टाकलं होतं. भूल न देता सुयांवर ऑपरेशन होतात, या दंतकथेचा उगम पुष्कळ जण १९७१ मधल्या जेम्स रेस्टन या अमेरिकी पत्रकाराच्या अनुभवात शोधतात. त्याचं पेकिंगमध्ये (आजचं बीजिंग) अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. पण भूल नेहमीच्याच औषधांची इंजेक्शनं देऊन दिली होती. सुया लावल्या त्या नंतर, पोट फुगून त्रास होऊ लागला म्हणून, कोपराला आणि गुडघ्यांखाली. हे त्याने स्वतः स्वच्छ लिहिलंय. सांगणाऱ्यांनी मधला तपशील गाळला.

परत आईंकडे. ‘एकदा सुरू केलं की सवय लागते, आयुष्यभर करावं लागतं’ अशी धास्तीही तुमच्या प्रश्नात होती. सुईची सवय लागत नाही. त्या २०१८ च्या विश्लेषणात वर्षभरानंतर फायद्यातला साधारण १५ टक्के भाग ओसरलेला होता, बाकी टिकून होता. झीज भरून येत नाही, हेही लक्षात असू द्या. कूर्चा परत वाढवतो असं म्हणणारा माणूस खोटं बोलतोय. कमी होते ती वेदना. ती कमी झालेल्या दिवसांत मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम करून घेतले तर गुडघ्याला पुढे आधार मिळतो. माझ्याकडे गुडघ्याचे जे पेशंट टिकाऊ बरे आहेत ते बहुतेक व्यायाम करणारे आहेत. सुईचा उपयोग त्यांना व्यायाम सुरू करता येण्यापुरता झाला. व्यायाम न करता नुसत्या सुया घेणारे दर पावसाळ्यात परत येतात, आणि मला त्यांची नावं पाठ आहेत.

मी असेन तर असं करीन. पहिल्या सिटिंगच्या आधी एका कागदावर तीन गोष्टी लिहून ठेवायच्या: न थांबता किती पायऱ्या चढता येतात, किती मिनिटं उभं राहता येतं, रात्री कूस बदलताना किती वेळा जाग येते. ‘दुखणं किती’ असं नुसतं विचारलं तर माणूस त्या दिवशीच्या मनःस्थितीप्रमाणे उत्तर देतो. पायऱ्या मनःस्थिती बघत नाहीत. आठवड्याला एक-दोन, अशी सहा सिटिंग्ज. चौथ्यानंतर कागद पुन्हा भरायचा. काहीच हललं नसेल तर टोचणाऱ्याने जागा आणि निदान दोन्हींचा पुन्हा विचार करायला हवा. सहाव्यानंतरही तेच आकडे असतील तर थांबायचं, आणि ‘अजून दहा करून बघू’ला नम्रपणे नकार द्यायचा. थोडाफार फरक असेल तर आठ-दहापर्यंत जाऊन अंतर वाढवायचं.

जाताना सैल, गुडघ्याच्या वर सरकेल असं काहीतरी घालायचं, खाऊन जायचं, आणि आईंनी आधीच सांगायचं की मला भीती वाटते. पहिल्या दिवशी मी अशा पेशंटला दोनच सुया लावतो, त्याही गुडघ्याच्या खाली नडगीच्या बाहेरच्या अंगाला, जिथे मांस भरपूर असतं. आठ सुया लावणारा कुणी भेटला तर दोनाने सुरू करा म्हणायचा त्यांना हक्क आहे.

तूर्त दोन गोष्टी करा: त्यांच्या सगळ्या गोळ्यांची नावं एका ठिकाणी लिहा आणि खुबा वळवून घ्या. यादीत रक्त पातळ करणारी गोळी निघाली तर ती परस्पर बंद करू नका, ज्या डॉक्टरांनी दिलीय त्यांना विचारा आणि टोचणाऱ्यालाही आधी सांगा. बारीक सुया, कमी सुया, आणि काढल्यावर प्रत्येक जागी कापूस धरून एक मिनिट दाब, असं करून बहुधा निभतं. खुबा वळवताना दुखलं, मग ते गुडघ्यात का असेना, तर मात्र सुयांचा विचार बाजूला ठेवून आधी त्याचा एक्स-रे काढा.